पीआर नव्हे, आधी गाव निवडा: कॅनडाच्या प्रांतिक योजनांविषयी पालकांशी थोडं बोलणं



दहावी-बारावीच्या वर्गांना शिकवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना हा प्रश्न आता पाठ झाला असेल. "मॅडम, मुलाला कॅनडाला पाठवायचंय. त्या पीएनपीमधून पीआर लवकर मिळतो म्हणतात. खरं आहे का?" पालक सभा संपली की कुणीतरी थांबतं आणि हळूच विचारतं. विचारणारे आता फक्त पुण्या-मुंबईचे राहिलेले नाहीत. तालुक्याच्या गावातले, शेती असलेले, एसटीत किंवा बँकेत नोकरी करणारे पालकही विचारतात.

प्रश्न चुकीचा नाही. पण तो अर्धा आहे. "पीआर लवकर मिळतो का?" हे आपण विचारतो. "कुठे राहायचं आहे?" हे विचारतच नाही. आणि पीएनपी ही योजना नेमकी या दुसऱ्या प्रश्नावर उभी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. ज्याला त्या प्रांतात, त्या गावात खरोखर राहायची तयारी नाही, त्याने या वाटेला जाऊ नये. आणि ज्याची तयारी आहे त्यानेही घर-जमीन गहाण टाकून, "पीआर तर मिळणारच" असं धरून जाऊ नये. असं का म्हणते, ते सविस्तर सांगते.

ही योजना आहे तरी काय?

कॅनडा हा प्रांतांचा मिळून बनलेला देश आहे. १८६७ च्या तिथल्या राज्यघटनेपासूनच स्थलांतर हा विषय केंद्र आणि प्रांत या दोघांच्याही अधिकारात येतो. प्रत्यक्षात मात्र बरीच वर्षं निवड केंद्रच करायचं. परिणाम असा झाला की बाहेरून येणारी बहुतेक माणसं टोरांटो, मॉन्ट्रियल आणि व्हँकुव्हर या तीन शहरांकडेच जायची. मधल्या प्रेअरी भागातले मॅनिटोबा, सास्काचेवानसारखे प्रांत आणि पूर्वेकडच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे छोटे प्रांत यांच्या वाट्याला फार थोडे लोक यायचे.

मॅनिटोबाने यावर उपाय शोधला. त्यांच्या विनिपेग शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यांना शिलाई मशीन चालवणारे कुशल कामगार हवे होते. केंद्राच्या गुणपद्धतीत मात्र पदवीला जास्त वजन होतं. ज्या कामगाराची कारखान्याला गरज, तोच केंद्राच्या परीक्षेत नापास! म्हणून प्रांताने केंद्राला सांगितलं, आमच्या गरजेची माणसं आम्हाला निवडू द्या. १९९८ मध्ये मॅनिटोबात ही योजना रीतसर सुरू झाली. तिचं नाव प्रोव्हिन्शियल नॉमिनी प्रोग्राम, म्हणजेच पीएनपी. आज क्युबेक आणि नुनावुत सोडले तर बाकी सगळे प्रांत आणि प्रदेश मिळून अकरा ठिकाणी ती चालते. क्युबेकची निवडीची पद्धत १९९१ च्या करारानुसार वेगळीच आहे.

पद्धत थोडक्यात अशी. इच्छुकाने आधी प्रांताकडे आपली माहिती द्यायची. शिक्षण, वय, भाषा, कामाचा अनुभव, त्या प्रांताशी असलेलं नातं यांवर प्रांत गुण देतो. प्रांताला योग्य वाटलं तर तो बोलावतो, कागद तपासतो आणि नामांकन देतो. हे नामांकन घेऊन मग केंद्राकडे अर्ज करायचा. वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, सुरक्षा चौकशी हे सगळं केंद्र करतं आणि शेवटचा निर्णयही केंद्राचाच असतो.

इथे दोन गोष्टी पालकांनी अधोरेखित करून ठेवाव्यात. पहिली, नामांकन म्हणजे पीआर नव्हे. ती शिफारस आहे. दुसरी, ही शिफारस फार वजनदार आहे. २०१५ पासून केंद्राची एक्सप्रेस एंट्री नावाची पद्धत चालते. तिच्यात एकूण १२०० गुण असतात आणि प्रांताच्या नामांकनाचे एकट्याचे ६०० मिळतात! म्हणूनच एजंट लोकांचा या योजनेवर एवढा जीव. "सहाशे गुण फुकट" अशा भाषेत ती विकली जाते. पण ते फुकट नाहीत. त्यांची किंमत म्हणजे तुम्ही तिथे राहणार, हे तुम्ही दिलेलं वचन.

प्रांताला माणसं का हवीत? आपल्याला हे कळायला हवं

खरं तर हे समजायला आपल्यासारख्या शिक्षकांना फार कष्ट पडू नयेत. कोकणातल्या, डोंगराळ भागातल्या जिल्हा परिषद शाळा आठवा. तरुण मुंबईला गेले, मागे म्हातारी माणसं राहिली. पट वीसवर आला, मग दहावर, मग पाचवर. शाळा टिकते की जाते याची चिंता मास्तरांना आणि गावाला लागून राहते. शाळा गेली की उरलेली दोन-चार तरुण कुटुंबंही जातात. मग दुकान बंद, मग एसटीची फेरी कमी.

प्रेअरीतल्या छोट्या गावांची कथा याहून फार वेगळी नाही. तरुण पोरं शहरात जातात, शेतं मोठी होत जातात, माणसं कमी होत जातात. दवाखान्यात नर्स नाही, वृद्धाश्रमात काळजी घ्यायला माणूस नाही, ट्रक चालवायला कुणी नाही. अशा ठिकाणी दोन मुलं असलेलं एक कुटुंब येऊन राहिलं तर त्याची किंमत काय असते, हे पटसंख्येची काळजी केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

काही गावांना या योजनेचा खरोखर फायदा झाला. मॅनिटोबातल्या विंकलर आणि स्टाइनबाख या छोट्या गावांत बरीच कुटुंबं या वाटेने येऊन स्थिरावली. ब्रँडन हे प्रांतातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. तिथल्या मांसप्रक्रिया कारखान्यात परदेशातून कामगार आले, त्यांतले अनेक जण प्रांताच्या नामांकनातून कायमचे रहिवासी झाले आणि मग त्यांची बायकामुलं आली. विनिपेगमध्ये फिलिपिनो समाज इतका मोठा आहे की तिथे तागालोग भाषा सहज कानावर पडते. एक नातेवाईक आला, त्याने दुसऱ्याला आधार दिला, असं करत करत वस्ती उभी राहिली. आपल्याकडे चाळीत गाववाले एकमेकांना आणून बसवायचे, तसंच.

म्हणजे प्रांताच्या बाजूने पाहिलं तर ही योजना मागचा दरवाजा नाही. ते एका घराचं आमंत्रण आहे. "आमच्याकडे राहायला या" असं ते घर म्हणतंय. आणि आपण काय म्हणतो? "दार उघडा, मला आतून पलीकडच्या बंगल्यात जायचंय."

आधी नकाशा उघडा

भूगोलाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. हा विषय निघाला की पालकांसमोर नकाशा पसरा. आकडे बोलू द्या.

मॅनिटोबाचं क्षेत्रफळ सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर आहे, आपल्या महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. आणि लोकसंख्या? २०२१ च्या जनगणनेत सुमारे १३ लाख ४२ हजार. एवढ्या मोठ्या प्रदेशात! त्यातले साडेसात लाखांच्या आसपास लोक एकट्या विनिपेग शहरात. दुसऱ्या क्रमांकाचं ब्रँडन पन्नास हजारांच्या थोडं वर, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावासारखं. दोन्हींमध्ये सुमारे दोनशे किलोमीटरचं अंतर. विनिपेग ते टोरांटो हे हवाई अंतर साधारण दीड हजार किलोमीटर, मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त. "टोरांटोला माझा मावसभाऊ आहे, तो बघेल" असं म्हणणाऱ्यांनी हे अंतर एकदा पट्टीने मोजावं.

आता दुसरं टोक पाहा. प्रिन्स एडवर्ड आयलंड हा कॅनडाचा सगळ्यात लहान प्रांत. क्षेत्रफळ ५,६६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा किंचित मोठा. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११ मध्ये साडेआठ लाखांच्या घरात होती. या अख्ख्या प्रांताची २०२१ मध्ये सुमारे १ लाख ५४ हजार! बटाट्याची शेती, मासेमारी, पर्यटन हे तिथले मुख्य व्यवसाय. अशा ठिकाणी आयटी शिकलेल्या मुलाला हवी ती नोकरी मिळेल का, हे विचारायला जास्त हुशारी लागत नाही. नकाशा पाहावा लागतो, एवढंच.

आणि हवामान. विनिपेगला जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे वीस अंशांच्या आसपास असतं, कधी कधी उणे तीसच्याही खाली जातं. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीची वायर प्लगला लावून ठेवतात, आपण मोबाइल लावतो तशी. डिसेंबरात संध्याकाळी साडेचारला सूर्य मावळतो. हे घाबरवायला सांगत नाही. लाखो माणसं तिथे आनंदाने राहतात, मुलं बर्फात खेळतात. पण मुलाला हे आधी माहीत असणं आणि तिथे उतरल्यावर कळणं यात फार फरक आहे. पहिला मुलगा जाड जॅकेट घेऊन जातो. दुसरा एकटेपणा घेऊन खोलीत बसतो.

"एकदा पीआर हातात येऊ दे, मग टोरांटो!"

आता मुख्य वादाच्या मुद्द्यावर येते. बरेच पालक, आणि त्याहून जास्त एजंट, सरळ सांगतात: "मॅनिटोबातून करायचं, सास्काचेवानमधून करायचं, पीआर आला की ब्रॅम्प्टनला निघायचं. कायद्याने अडवता येत नाही."

यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. कॅनडाच्या १९८२ च्या हक्कांच्या सनदेत, सहाव्या कलमात, नागरिकांना आणि कायम रहिवाशांना देशात कुठल्याही प्रांतात जाऊन राहण्याचा आणि पोट भरण्याचा हक्क दिलेला आहे. पीआर झालेल्या माणसाला प्रांत बांधून ठेवू शकत नाही. नोकरी गेली, आजारपण आलं, लग्न झालं, चांगली संधी मिळाली, तर माणूस जाणारच. त्यात काही गैर नाही.

पण अर्ज करतानाच "मला इथे राहायचं आहे" असं लिहून द्यावं लागतं आणि हा हेतू ही कायद्याची अट आहे. मनात टोरांटो ठेवून कागदावर विनिपेग लिहिणं हे खोटं बोलणं आहे. अर्जात खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं अर्ज करायला बंदी येऊ शकते. प्रांतही आता शहाणे झालेत. मॅनिटोबाच्या गुणपद्धतीत विनिपेगच्या बाहेर राहायची तयारी असेल तर जादा गुण ठेवले गेले. उलट शिक्षण किंवा नोकरी दुसऱ्या प्रांतात झाली असेल, तर गुण कापले गेले, तेही शंभर-शंभर. का? कारण त्यांना अनुभवाने कळलंय की असा माणूस टिकत नाही. प्रिन्स एडवर्ड आयलंडमध्ये तर आलेल्यांपैकी टिकणाऱ्यांचं प्रमाण देशात सगळ्यात कमी राहिलं आहे.

आपल्या भाषेत सांगू? अवघड क्षेत्रातली नेमणूक आपल्याला माहीत आहे. एखादे गुरुजी दुर्गम पाड्यावर रुजू होतात आणि पहिल्याच दिवसापासून बदलीच्या अर्जाची तारीख मोजायला लागतात. कायद्याने त्यांना बदली मागायचा हक्क आहे. घरच्या अडचणी खऱ्या असतात, हेही मान्य. पण त्या पाड्यावरच्या मुलांना वर्षभर कोण शिकवतं? अर्धं मन. आणि त्या गुरुजींनाही त्या वर्षात काय मिळतं? ना गाव, ना माणसं, ना भाषा. नुसती वाट पाहणं. दुसरीकडे असेही शिक्षक आपण पाहिलेत, जे त्याच पाड्यावर मन लावून राहिले. तिथली बोली शिकले आणि बदली झाली तेव्हा गाव रडलं. जागा तीच होती, फरक जाणाऱ्याच्या मनात होता.

स्थलांतराचंही असंच आहे. वाट पाहत काढलेली तीन-चार वर्षं म्हणजे विशीतली तीन-चार वर्षं. ती परत येत नाहीत. शिवाय ज्या प्रांतात अनुभव घेतला, ओळखी झाल्या, कामाचा परवाना मिळवला, तो सोडून दुसरीकडे गेलं की बरंच काही पुन्हा पहिल्यापासून. नर्स, शिक्षक, इलेक्ट्रिशियन अशा अनेक व्यवसायांचे परवाने तिथे प्रांतानुसार मिळतात. आरोग्य कार्डही प्रांताचं असतं. आणि तुमच्या मागून येणाऱ्याचं काय? प्रत्येक पळून जाणाऱ्यामुळे प्रांत पुढच्या अर्जदाराकडे जास्त संशयाने पाहतो. तो पुढचा अर्जदार कदाचित आपल्याच शाळेतली एखादी मुलगी असेल.

पण वचन एकाच बाजूने पाळायचं का?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मॅडम सगळा दोष आपल्याच मुलांना देतायत. तसं नाही. प्रांत आणि केंद्र यांनीही मुलांशी नेहमी सरळ व्यवहार केला असं म्हणता येणार नाही. आणि पालकांनी सगळ्यात जास्त सावध राहायला हवं ते इथे.

प्रिन्स एडवर्ड आयलंडचंच उदाहरण घ्या. बरीच वर्षं परदेशी विद्यार्थी तिथे शिकायला आले, हॉटेलात, दुकानांत काम केलं आणि प्रांताच्या नामांकनाची वाट पाहत राहिले. २०२४ च्या सुरुवातीला प्रांताने नामांकनांची संख्या सुमारे २५ टक्क्यांनी कमी केली. आरोग्य, बांधकाम अशा क्षेत्रांना प्राधान्य दिलं. विक्री आणि सेवा क्षेत्रात काम करणाऱ्यांची दारं जवळपास बंद झाली. त्या मुलांचे कामाचे परवाने संपत आले होते. मे महिन्यात शार्लटटाउन या राजधानीत भारतीय विद्यार्थी आंदोलनाला बसले, काहींनी उपोषणही केलं. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही आलो तेव्हा नियम वेगळे होते. हे म्हणणं माणूस म्हणून पटण्यासारखं आहे. पण सरकारचं उत्तरही कायद्याने चूक नव्हतं. नामांकन हा कुणाचा हक्क नाही, ती प्रांताची निवड आहे.

हे एका छोट्या बेटापुरतं नाही. २०२४ साली पीएनपीमधून १ लाख १० हजार लोकांना घेण्याचं केंद्राचं लक्ष्य होतं. २०२५ साठी ते एकदम ५५ हजारांवर आणलं. अर्धं! पुढे ते पुन्हा वाढवलं, पण मधल्या वर्षात ज्याचा परवाना संपला त्याला या वाढीचा काय उपयोग? जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. विद्यार्थ्याने राहण्या-खाण्यासाठी दाखवायची रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरवरून २०,६३५ वर गेली आणि नंतर आणखी वाढली. फी आणि प्रवास यांच्या व्यतिरिक्त बरं का. पदवी नसलेल्या अनेक अभ्यासक्रमांनंतर मिळणारा कामाचा परवाना नोव्हेंबर २०२४ पासून ठरावीक विषयांपुरता मर्यादित झाला.

म्हणजे कॉलेज, मग कामाचा परवाना, मग नोकरी, मग नामांकन, मग पीआर ही जी साखळी एजंट कागदावर काढून दाखवतो, तिची प्रत्येक कडी वेगळ्या कार्यालयाच्या हातात आहे. आणि प्रत्येक कार्यालय आपली कडी बदलू शकतं. अशा साखळीच्या एका टोकाला आपण वडिलोपार्जित जमीन बांधतो, तेव्हा दुसरं टोक कुणाच्या हातात आहे याचा विचार करायला नको?

कुणी म्हणेल, मग जायचंच नाही का? जा ना. पण असा हिशेब करून जा की पीआर नाही मिळाला तरी मुलाच्या हातात एक चांगलं शिक्षण किंवा कौशल्य राहील आणि घर उभं राहील. पीआर मिळाला तर आनंद, नाही मिळाला तर सर्वनाश, अशी पैज मुलाच्या आयुष्यावर लावू नका.

पालकांनी काय विचारावं?

एजंटकडे जाण्याआधी घरात बसून एवढे प्रश्न एका वहीत लिहा आणि उत्तरं मुलालाच शोधायला सांगा.

१. कुठला प्रांत, कुठलं गाव? तिथे आपल्या मुलाच्या विषयातल्या नोकऱ्या कोण देतं? तीन ठिकाणांची नावं मुलाला सांगता आली पाहिजेत.

२. आपण निवडलेल्या अभ्यासक्रमानंतर कामाचा परवाना आज मिळतो का? हे कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर मुलाने स्वतः वाचावं. ऐकीव माहिती नको.

३. त्या प्रांताच्या योजनेत सध्या कुठल्या व्यवसायांना प्राधान्य आहे? गेल्या दोन-तीन वर्षांत नियम किती वेळा बदलले? जिथे सारखे बदलले तिथे पुढेही बदलतील असं धरा.

४. सल्लागाराकडे परवाना आहे का? पैसे घेऊन कॅनडाच्या स्थलांतराचा सल्ला देण्याची मुभा फक्त तिथल्या वकिलांना, परवानाधारक पॅरालीगलना, क्युबेकच्या नोटरींना आणि स्थलांतर सल्लागारांच्या अधिकृत संस्थेत नोंद असलेल्यांना आहे. ही नोंद इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. २०२३ मध्ये कितीतरी भारतीय विद्यार्थ्यांवर देशाबाहेर जाण्याची वेळ आली, कारण एजंटने दिलेली प्रवेशपत्रं बनावट निघाली. "शंभर टक्के नामांकन करून देतो" म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून चहासुद्धा न पिता उठा.

५. आणि शेवटचा प्रश्न, जो कुणी विचारत नाही: तिथे पाच वर्षं राहावं लागलं, टोरांटोला कधीच जाता आलं नाही, तर तू आनंदात राहशील का? मुलगा जर मान खाली घालून गप्प बसला, तर उत्तर मिळालं.

आपण शिक्षक काय करू शकतो?

मॅनिटोबासारख्या प्रांतात अर्जासोबत एक स्थिरावण्याची योजना लिहावी लागते. तुम्ही हाच प्रांत का निवडला, कुठे राहाल, काम कसं शोधाल, ओळखीचं कोण आहे, हे सगळं स्वतःच्या शब्दांत. मला हे कळलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर निबंध आहे! आणि हाच निबंध आपली मुलं एजंटकडून पैसे देऊन लिहून घेतात. दहा वर्षं निबंध शिकून!

म्हणून नववी-दहावीच्या वर्गासाठी एक उपक्रम सुचवते. मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक ठिकाण द्या: ब्रँडन, शार्लटटाउन, मूस जॉ, थंडर बे, आणि सोबत गडचिरोली, किनवट, देवगडसुद्धा. प्रत्येक गटाने दीड पानाची योजना लिहायची, "मी इथे का राहायला जाईन?" अटी तीन. हवामानाचं एक वाक्य, कामाची दोन वाक्यं, आणि "मी या गावाला काय देईन?" याचं उत्तर सक्तीचं. इंटरनेटवरून उतरवलेलं चालणार नाही. मराठीत लिहू दे, मग इंग्रजीत.

या उपक्रमात दोन गोष्टी होतात. एक, मुलाला कळतं की "परदेश" नावाचं कुठलंच ठिकाण नसतं. ब्रँडन असतं, शार्लटटाउन असतं आणि तिथे माणसं राहतात. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. देवगड किंवा किनवट मिळालेला गट आपल्याच गावाकडे बाहेरून आलेल्या माणसाच्या नजरेने पाहायला शिकतो. इथे कोण येईल? आलेल्याशी आपण कसं वागतो? ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाच्या मुलाला आपल्या वर्गात कुठल्या बाकावर जागा मिळते? परप्रांतातून आलेल्या कामगाराच्या मुलीला मराठी येत नाही म्हणून हसणारं कोण असतं? विनिपेगने आपल्या मुलाला सामावून घ्यावं असं वाटत असेल, तर त्या बाकाकडे आधी पाहायला हवं.

शेवटी एवढंच. मुलांना जाऊ नका सांगणं आपलं काम नाही. पंख फुटले की पाखरं उडणारच आणि उडावीतही. आपलं काम एवढंच की उडण्याआधी त्यांना कुठल्या झाडावर बसायचं ते ठरवता यावं. आज जेवताना मुलाला पीआरबद्दल काही विचारू नका. नकाशा पुढे ठेवा आणि एवढंच विचारा: "बाळा, यातलं तुझं गाव कुठलं?"